सुभेदार रामजी : एका कबीरपंथी पित्याचे स्मरण

१९५६ साली 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम हातावेगळे करीत असताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या ग्रंथासाठी एक प्रस्तावना लिहिली. आपण बुद्धाकडे कसे वळलो, हे त्यांनी तीत सांगितले आहे. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. पुढे ती स्वतंत्रपणे उजेडात आली. वाचकांनी ती आवर्जून पाहावी. बुद्धधम्माच्या आपल्या अभ्यासाची पार्श्वभूमी सांगावयास बाबासाहेब प्रारंभ करतात आणि त्यांच्या लेखणीतून उतरणारे पहिले विधान वडिलांविषयीचे असते. वडील लष्करात अधिकारी होते आणि त्याच वेळी अतिशय धार्मिक होते, असे ते नमूद करतात. पासष्टीला आलेला, देहाने थकलेला आणि आयुष्यातील सर्वांत मोठ्या निर्णयाच्या उंबरठ्यावर उभा असलेला हा महापुरुष त्या क्षणी आपल्या बापाच्या घरात परत जाऊन बसतो, ही गोष्ट आम्हांस अत्यंत अर्थपूर्ण वाटते.

हे वडील म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. आपल्या सभांतून त्यांचे नाव नेहमी घेतले जाते, तसबिरीला हारही घातला जातो. परंतु 'भीमरायांचे पिताजी' एवढ्या ओळखीपलीकडे रामजी म्हणून त्यांचा विचार क्वचितच होतो. तो व्हावा असे आम्हांस वाटते, याला एक घरगुती कारण आहे. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांत आजोबा-पणजोबांचे एक जुने छायाचित्र असते. डोक्यास फेटा, अंगात लष्करी कोट, छातीवर एखादे पदक आणि गळ्यात माळ. १९५६ नंतर घरच्या देव्हाऱ्यातील देव निघाले. छायाचित्रातील माळ कोणास काढता येणार? आज पतवंडे विचारतात की, पणजोबा देव मानत होते काय? या प्रश्नापुढे आपण अडखळतो. कोणी विषय बदलतो. कोणी सांगतो की, ते तसे मनातून बौद्धच होते. दोन्ही उत्तरांनी त्या मृत माणसावर अन्याय होतो, असे आमचे मत आहे. रामजींच्या चरित्रात या प्रश्नाचा विचार करण्यास पुरेसे साहित्य आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सकपाळांचे मूळ गाव कोकणातील आंबडवे, आजच्या मंडणगड तालुक्यातील. रामजींचे वडील मालोजी हेही सैन्यात होते. म्हणजे गावकीची वंशपरंपरागत कामे टाकून लष्करात जाण्याचे पाऊल रामजींच्या आधीच्या पिढीने उचललेले होते. या पावलाचे महत्त्व आज कदाचित लक्षात येणार नाही. गावात महाराचा मुलगा म्हणजे वेसकर, सांगकाम्या, मेलेले ढोर ओढणारा. पलटणीत गेल्यावर तोच मुलगा गणवेश घाली, हजेरीला नावाने ओळखला जाई, पगार घेई आणि निवृत्त झाल्यावर पेन्शन घेऊन परत येई. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेल्या सैनिकांची नावे तेथील स्तंभावर कोरली गेली. गावाने ज्यांना नावाने हाक मारण्याचे टाळले, त्यांचे नाव दगडावर राहिले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा मनात आपल्या घराण्याचीही आठवण असणारच.

परंतु पलटणीने महार कुटुंबांना दिलेली सर्वांत मोठी देणगी बंदुकीची नव्हती. ती पाटी-पेन्सिलीची होती. कंपनी सरकारच्या हिंदी फौजेत सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, याचा बाबासाहेबांनी मुद्दाम उल्लेख केला आहे. ज्या काळात गावच्या शाळेच्या ओट्यावरदेखील आमच्या मुलांना बसता येत नव्हते, त्या काळात छावणीत आमच्या स्त्रियाही वाचावयास शिकत होत्या. रामजी या व्यवस्थेत शिकले आणि पुढे याच व्यवस्थेत शिक्षक झाले. लष्करी शाळेत सुमारे चौदा वर्षे ते मुख्याध्यापक होते, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत ते पोचले. रामजींना आपण 'सुभेदार' म्हणतो आणि डोळ्यांसमोर तलवार आणतो. वस्तुतः त्यांच्या हातात आयुष्याचा बराच काळ खडू होता. मुलांना घडविण्याची त्यांची पद्धत, तीतील करडेपणा आणि तीतील चिकाटी, ही मुळात एका मास्तराची होती.

त्यांचा विवाह मुरबाडकर घराण्यातील भीमाबाईंशी झाला. ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे हे घराणे लष्करात मानमरातब मिळविलेले होते, आणि सकपाळांपेक्षा त्यांची स्थिती बरीच चांगली होती. या दांपत्यास चौदा अपत्ये झाली. त्यांतील बरीच बालपणीच गेली. चौदावा भीम, १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत जन्मलेला. त्याच्या जन्मापूर्वी घराण्यातील एका संन्यस्त पुरुषाने भविष्य वर्तविल्याची कथा चरित्रांतून येते. ती आम्ही बाजूस ठेवतो. महापुरुषाच्या जन्मास भाकिताचा आधार लागत नाही, आणि सिद्धार्थाच्या जन्मकथेत असित ऋषी आले म्हणून येथेही कोणी ऋषी आणलाच पाहिजे असे नाही. चौदा बाळंतपणे आणि इतकी मरणे सोसलेल्या आईबापांच्या मनात शेवटच्या मुलाविषयी जी आशा असेल, ती समजून घेण्यास कोणत्याही भाकिताची गरज पडत नाही.

आता रामजींच्या श्रद्धेकडे वळू. त्यांचे वडील मालोजी रामानंदी संप्रदायाचे होते. रामजी स्वतः कबीरपंथी. परंपरा कबीरांना रामानंदांचे शिष्य मानते, तेव्हा वरवर पाहता हा एकाच वाटेवरील पुढचा टप्पा वाटेल. आम्हांस मात्र हा फरक मोठा वाटतो. महाराष्ट्रातील अस्पृश्य भाविकाची सहज वाट पंढरीची होती. आणि पंढरपूर येथे त्याची वाट महाद्वाराबाहेर, चोखोबांच्या समाधीपाशी संपत असे. विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडण्यास १९४७ साल उजाडावे लागले. ज्याने पलटणीत सलाम घेतले आहेत, ज्याने मुलांच्या वर्गावर हुकमत चालविली आहे, त्याने देवासाठी पायरीबाहेर थांबावयाचे, हे रामजींसारख्या मानी माणसास कितपत रुचले असेल? कबीरपंथात मूर्ती नव्हती, म्हणून गाभारा नव्हता, आणि गाभारा नव्हता म्हणून दारही नव्हते. जात विचारणाऱ्या पंडितास आणि मुल्लास कबीरांनी सारखेच सुनावले होते. रामजींनी हा पंथ कोणत्या विचाराने पत्करला हे त्यांनी लिहून ठेवलेले आमच्या पाहण्यात नाही. परंतु लष्करी पोशाखातील स्वाभिमान आणि कबीराचा निर्गुण देव एकमेकांस शोभणारे होते, एवढे म्हणता येईल.

पंथाच्या शिस्तीप्रमाणे ते मद्यमांसापासून दूर राहिले. पहाटे आणि संध्याकाळी घरात भजन होत असे. रात्री जेवणापूर्वी मुलांनी एकत्र बसून पदे, अभंग, दोहे म्हणावयाचे, हा नियम होता. नियम मोडल्यास गय नव्हती. या शिस्तीचा कंटाळा मुलांना येत असणार, हे उघड आहे. पण पुढे २८ ऑक्टोबर १९५४ रोजी मुंबईस पुरंदरे स्टेडियमवर बोलताना बाबासाहेबांनी आपल्या तीन गुरूंची नावे सांगितली : बुद्ध, कबीर आणि महात्मा जोतीराव फुले. यांतील बुद्ध त्यांना ग्रंथातून भेटले, फुले कार्यातून भेटले. कबीर मात्र घरात, बापाच्या आवाजात भेटले होते.

१८९० नंतरचा काळ या कुटुंबास आणि एकूणच महार सैनिकांस वाईट गेला. 'लढवय्या जाती' कोणत्या आणि बिगर-लढवय्या कोणत्या, याचे एक शास्त्र इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी रचले. लॉर्ड रॉबर्ट्स हे १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते आणि या मताचे ते मोठे पुरस्कर्ते. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. ज्यांच्या वाडवडिलांनी मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्या घालविल्या, त्यांना एका कागदाने सांगण्यात आले की, तुम्ही लढवय्ये नाही. भरती बंद म्हणजे पगार बंद, पेन्शन बंद आणि छावणीची शाळाही बंद! याविरुद्ध पेन्शनर सैनिकांनी अर्ज-विनंत्या केल्या. दापोलीत राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांचा १८९४ चा अर्ज प्रसिद्ध आहे. रामजींनीही या प्रश्नात पुढाकार घेतला आणि न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे साहाय्य मागितले, असे कीर लिहितात. अर्जांस तेव्हा यश आले नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, गरज पडली तेव्हा '१११ महार' ही पलटण उभारली गेली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार बटालियन पुन्हा उभी राहिली. बापाच्या पिढीने लिहिलेल्या अर्जाचे उत्तर मिळण्यास जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब घेऊन दापोलीस आले. तेथे कायम राहण्याचा विचार होता. तो बदलला आणि बिऱ्हाड साताऱ्यास गेले. तेथे १८९६ मध्ये भीमाबाई वारल्या. भीम तेव्हा पाच वर्षांचा. रामजींची बहीण मीराबाई या देहाने अपंग, आधारावाचून चालणे कठीण. परंतु आईवेगळ्या मुलांवर त्यांनी जीव लावला. रामजींनी पुढे जिजाबाईंशी दुसरा विवाह केला. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून लहान भीमास वाईट वाटले, असे चरित्रांत आहे. आम्ही हे झाकून ठेवू इच्छित नाही. घरात लहान मुले, अपंग बहीण आणि नोकरी परगावी, अशा स्थितीत पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने काय करावयास हवे होते, याचा निवाडा शंभर वर्षांनंतर आम्ही करणे योग्य नव्हे. पण मुलाचे दुःखही खरे होते.

याच काळात भीमाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तारीख ७ नोव्हेंबर १९००. रजिस्टरातील नोंद 'भिवा रामजी आंबेडकर'. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून घोषित केला आहे. दिवस विद्यार्थ्याच्या नावाने साजरा होतो, हे उचितच. त्याच नोंदीत मधले नाव एका निवृत्त मास्तराचे आहे, याकडेही त्या दिवशी लक्ष जावे.

रामजी त्या वेळी खटाव भागात दुष्काळी कामावर रोखपाल होते. दुष्काळाने माणसे मरत होती, त्यांना काम देण्यासाठी सरकारने तलाव खणावयास काढला होता, आणि मजुरीचा पैसा सुभेदारांच्या हातून वाटला जात होता. रोखपालास ठाणे सोडता येत नाही. मुलांना भेटण्यास साताऱ्यास येणे शक्य नव्हते. म्हणून १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांनाच बोलावून घेतले. त्या प्रवासाची हकीकत बाबासाहेबांनी पुढे आपल्या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवली आणि ती आज सर्वांना ठाऊक आहे. नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही गाडीस हात लावीना, तेव्हा मुलांनीच गाडी हाकली आणि रात्रभर त्यांना कोणी पाणी दिले नाही. ही हकीकत आपण मुलाच्या बाजूने वाचतो आणि तसेच वाचले पाहिजे. परंतु तीत एक बापही आहे. मुले येणार असल्याचे पत्र पोचले होते. नोकर ते रामजींना द्यावयास विसरला. दुसऱ्या दिवशी तहानेने आणि भुकेने थकलेली मुले दारात उभी राहिली तेव्हा त्यांना सगळा प्रकार कळला. पलटणीतील हुद्दा, शाळेतील चौदा वर्षे, सरकारी तिजोरीची जबाबदारी, यांपैकी कशानेही त्याच्या मुलांना वाटेत एक तांब्याभर पाणी मिळू शकले नाही. त्या दिवशी रामजींच्या मनात काय झाले असेल, याविषयी मुलाने काही लिहिलेले नाही, आणि आम्हीही लिहीत नाही.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईस आले. परळची डबक चाळ, एकच खोली. तीत स्वयंपाक, भांडीकुंडी, जाते, धूर, आणि तीतच एल्फिन्स्टन हायस्कुलात जाणाऱ्या मुलाचा अभ्यास. दोघांनी एकाच वेळी पाय पसरून झोपावे एवढी जागा नव्हती. तेव्हा रामजींनी एक व्यवस्था केली. मुलाने रात्री लवकर निजावयाचे. बापाने जागत बसावयाचे. दोन वाजता मुलास उठवून त्याच्या जागी बापाने आडवे व्हावयाचे. ही हकीकत आपण व्याख्यानांत इतक्या वेळा ऐकतो की, ती ऐकू येईनाशी झाली आहे. तिच्यातील लष्करी भाग पाहण्यासारखा आहे. हा पहारा आहे. छावणीत पहारेकरी बदलतात, तसे बापलेक एका दिव्यापाशी बदलत होते. एकीकडे, पैशाअभावी थोरल्या आनंदरावांचे शिक्षण थांबले आणि ते नोकरीस लागले. एका मुलाची शाळा दुसऱ्या मुलाच्या त्यागावर चालली, हेही विसरता कामा नये. पुस्तकास पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. रोख मिळाले नाही तर दागिना मागून आणीत, गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. मुलींनी दागिने दिले. त्या बहिणींची नावे मंजुळा आणि तुळसा. त्यांची तसबीर कोणत्याही विहारात आम्ही पाहिलेली नाही.

अभ्यास तर बापानेच करून घेतला. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला रामजींनी मुलाकडून पक्क्या करून घेतल्या. कोणत्या मराठी शब्दास कोणता इंग्रजी शब्द नेमका बसेल, याची सवय त्याला लावली. ज्या लेखणीने पुढे राज्यघटनेच्या कलमांतील शब्द तोलले, तिचा पहिला घोटा डबक चाळीतील असावा.

आणि याच घरात तो प्रसंग घडला. संध्याकाळच्या बैठकीत रामजी मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करवीत; बहिणी आणि शेजारपाजारची मंडळी ऐकावयास बसत. वर्षानुवर्षे हे चालले. अशात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी भीमाच्या सत्कारसभेत त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. (ही सभा १९०७ च्या मॅट्रिकच्या यशानंतरची, असे चरित्रकार म्हणतात, स्वतः बाबासाहेब प्रस्तावनेत इंग्रजी चौथीचा उल्लेख करतात. आठवणींत वर्षे मागेपुढे होतात. अभ्यासकांनी याची नोंद ठेवावी.) ते पुस्तक वाचून मुलगा हलला आणि त्याने बापास विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची, अस्पृश्यांची अप्रतिष्ठा आहे, ते आम्ही का वाचावयाचे? बापाने दटावले. तुम्ही मुले आहात, सांगितले तेवढे करा. बाबासाहेबांनी वडिलांची तुलना प्राचीन रोममधील कुटुंबप्रमुखाशी केली आहे. त्या घरात प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आईविना वाढलेल्या धाकट्यास मात्र थोडी मोकळीक होती, तिचा लाभ घेऊन त्याने काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

या वेळी रामजी उत्तराची तयारी करून आले होते. आम्हांस या साऱ्या आठवणीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्याने पहिल्यांदा दटावले, तो मधले दिवस त्या प्रश्नावर विचार करीत होता. त्यांचे उत्तर असे की, आपण अस्पृश्य आहोत. तुमच्या मनात न्यूनगंड येणे स्वाभाविक आहे. तो जावा म्हणून हे ग्रंथ. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून केवढे वर चढले. वाल्मीकी तर कोळी, आणि तो रामायणाचा कर्ता झाला. म्हणजे रामजी हे ग्रंथ पुण्यासाठी वाचवीत नव्हते. आपल्या मुलांच्या मनातील हीनत्वावर त्यांना ते औषध वाटत होते. हाताशी जे होते त्यातून त्यांनी औषध काढले. या म्हणण्यात काही तथ्य आहे, हे मुलासही जाणवले. पण त्याचे समाधान झाले नाही. त्याने भीष्म, द्रोण, कृष्ण आणि राम या साऱ्यांच्या वर्तनाची चिकित्सा करून आपली नापसंती स्पष्ट शब्दांत मांडली. बाप गप्प राहिला. घरात बंड झाले आहे, हे त्याला कळून चुकले, असे बाबासाहेब लिहितात.

रामजी मूर्ती मानीत नव्हते, तरी घरात गणपती बसवीत, मुलांच्या हौसेसाठी. ही विसंगतीही मुलाच्या नजरेतून सुटली नाही, आणि त्याला ती आवडली नाही. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत राम-कृष्णांना न मानण्याची दुसरी आणि गौरी-गणपतीस न मानण्याची तिसरी प्रतिज्ञा आहे. लाखोंच्या मुखातून त्या वदल्या गेल्या तेव्हा त्यांच्यामागे शतकांचा इतिहास होता, हे खरेच. परंतु त्याच वर्षी लिहिलेल्या प्रस्तावनेवर विश्वास ठेवावयाचा, तर या दोन प्रतिज्ञांचे बीज एका बापाच्या घरातील संध्याकाळच्या बैठकीत पडलेले होते.

येथे दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताचे स्मरण होते. राजगृहात वेळुवनाजवळ भगवंतांना एक तरुण दिसला. ओल्या वस्त्राने सहा दिशांना नमस्कार करीत होता. का, असे विचारता म्हणाला, वडिलांनी मरताना तसे सांगितले आहे. भगवंतांनी त्याच्या पित्याची निंदा केली नाही, आणि दिशांना नमस्कार करीत राहा, असेही म्हटले नाही. त्यांनी दिशांचा अर्थ सांगितला : पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, अशा क्रमाने. शब्द बापाचा राहिला, आशय बदलला. अट्ठकथा तर आणखी सांगते की, सिगालाचे आईबाप श्रद्धावंत उपासक होते आणि मुलगाच धम्मापासून दूर होता. आपल्याकडे चित्र उलटे झाले. बाप जुन्या वाटेवर आणि मुलगा बुद्धाच्या दिशेने. पण वारशाचा प्रश्न तोच आहे. त्याच सुत्तात आईबापांनी मुलांसाठी काय करावे तेही आले आहे : पापापासून परावृत्त करावे, चांगल्या मार्गास लावावे, विद्या शिकवावी, योग्य विवाह करून द्यावा, वेळेवर वारसा सोपवावा. रामजींनी मुलाचे लग्न भायखळ्याच्या बाजारात, दिवसाची वर्दळ ओसरल्यावर, रमाईंशी लावून दिले. शीलाची शिस्त आणि विद्या कशी दिली ते वर आलेच आहे. सोपविण्यास जमीन नव्हती, धन नव्हते. पण त्या बैठकीत मुलाचे म्हणणे ऐकून ते गप्प राहिले, त्यांनी हात उगारला नाही, पुस्तक काढून घेतले नाही, केळुसकर गुरुजींकडे जाणे बंद केले नाही. रोमन कुटुंबप्रमुखास हे सर्व करता आले असते. म्हणून रामजींना आम्ही 'मनातून बौद्ध' म्हणणार नाही. ते कबीरपंथी म्हणून जगले आणि कबीरपंथी म्हणूनच गेले. त्यांच्या घरातून बुद्धाकडे जाणारी वाट त्यांनी अडविली नाही, हे त्यांच्या श्रद्धेच्या जमेस धरावे.

१९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले. महाराज सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या या पदवीधराने बडोद्यास नोकरीस जावे, हे रामजींना पसंत नव्हते. तिकडे आपल्या मुलास कसे वागविले जाईल, याचा अंदाज छावणीबाहेरचे जग पाहिलेल्या माणसास असणार. तरी भीमराव गेले. सुभेदाराचा मुलगा बडोदा संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट झाला. पण थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर सुरत स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घेण्यास ते उतरले आणि गाडी निघून गेली. मुंबईस पोचण्यास दुसरा दिवस उजाडला. रामजींचे डोळे मुलास शोधीत होते. मुलगा जवळ आला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि थोड्या वेळाने प्राण सोडला. तो २ फेब्रुवारी १९१३ चा दिवस. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते पाहण्यास बाप नव्हता.

पुढे दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. अर्पणपत्रिकेत देवाचा उल्लेख नाही, पंथाचाही नाही. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी जो त्याग केला आणि जी जाण दाखविली, तिच्याबद्दलची कृतज्ञता तेवढी आहे. ग्रंथाचा विषय रुपया. आणि तो ज्याच्या स्मृतीस वाहिला त्या माणसाने दुष्काळी कामावर दुसऱ्यांची मजुरी मोजून दिली होती आणि मुलींचे दागिने गहाण ठेवून, पेन्शनच्या दिवशी एकेक करून सोडविले होते.